लुकलुके आणि पाळण्याचा दिवा

लुकलुके हे त्यांचं आडनाव नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कर्णबधिरांच्या संघटनेच्या पत्त्यावर त्यांना येणारी पाकिटंसुद्धा 'श्री. लुकलुके' अशी येतात आणि ते ती निमूट फोडतात. खरं आडनाव त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी विसरले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ज्या माणसानं जन्मभर दिवे लुकलुकवले त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

त्यांचं दुरुस्तीचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. आत शिरताना वाकलं नाही तर कपाळ फुटतं. "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण मान खाली घालून येतो," असं ते छाती काढून सांगतात. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा, आणि तिसरा कुठं ठेवलाय ते शोधण्यात निम्मी सकाळ. नम्रपणा हा प्रकार त्यांनी कधी दुकानात ठेवलाच नाही. म्हणून आमचं जमतं. मीही कुणाच्या बापाला भीत नाही, आणि आम्ही दोघं महिन्यातून एकदा कडाकडा भांडलो नाही तर आजूबाजूचे लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना?

पूर्वी ते एका कारखान्यात होते. गाडी वळताना तिचा पिवळा दिवा उघडझाप करतो ना, तो तसा करावा म्हणून आत एक लहानशी डबी असायची. तिला फ्लॅशर म्हणतात. त्या डब्या तपासायचं काम लुकलुक्यांचं. डबी जोडायची, दिव्याकडे बघायचं आणि कान द्यायचा. टिक, टिक, टिक. ही घाईची, ती आळशी, हिचा घसा बसलाय. "दिवा लावणं कुणालाही येतं," ते म्हणतात. "विझवून वेळेवर परत लावणं, त्याला कारागीर लागतो."

पुढं उघडझापीचं काम गाडीतल्या कॉम्प्युटरकडे गेलं. डबी गेली, डबीचा विभाग गेला, लुकलुके घरी आले. याचा राग त्यांच्या अजून डोक्यात आहे, आणि खरा राग तर त्यापुढच्या गोष्टीचा. "लोकांना टिकटिकीची सवय होती. मग मेल्यांनी काय केलं माहिताय? आता ती टिकटिक स्पीकरमधून वाजवतात. आत काही हलत नाही, नुसता आवाज. माणूस हाकलला आणि त्याची नक्कल ठेवून घेतली."

आणि नशिबाचा खेळ बघा, त्यांच्या घरात सून आली ती नेमकी कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर; घरात हे दोघंच. पाहुण्यांसमोर लुकलुके तिची ओळख 'घरातला शत्रू' अशी करून देतात. ती मान वर न करता म्हणते, "बाबा, शत्रूनं केलेला चहा गार होतोय."

आता काजवालीकडे येते, कारण लुकलुक्यांची खरी गोष्ट तिच्यामुळं घडली.

काजवाली म्हणजे शर्टाला काज पाडणारी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं काजाचं मशीन आणि तिच्या नवऱ्याचं कापड कापायचं मशीन, पाठीला पाठ लावून. तो कटर, ती काजवाली. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, मी तिचं बोलणं इथं आपल्या तोंडी भाषेत लिहिते आहे. तिला कुणी 'बिचारी मुकी' म्हटलं की मी त्या माणसाला तिच्यासमोर नेऊन बसवते. ती बोलायला लागली की पाच मिनिटांत तोच मुका होतो.

तिला मुलगा झाला. निमगोरा, गुटगुटीत, आणि कान एकदम तिखट. टाचणी पडली तरी दचकायचा. सगळ्यांना आनंद झाला आणि तिथंच घोळ सुरू झाला. एकदा दुपारी काजवाली मशीनवर होती, नवरा कापडात डोकं घालून होता, आणि मूल आत पाळण्यात रडून रडून लाल झालं. सासूबाई बाजारातून आल्या तर शेजारीण दारात उभी. "तुमचा नातू केव्हाचा ओरडतोय हो, घरात कुणी नाही का?" घरात दोघं होती. सासूबाईंना ते लागलं. त्या दिवसापासून पाळणा त्यांच्या खोलीत गेला आणि पुढं त्यांनी ठरवलं, बाळाला त्यांच्या मुलीकडे, म्हणजे काजवालीच्या नणंदेकडे, दुसऱ्या गावी पाठवायचं. बोलायला लागेपर्यंत.

"बोलायला लागेपर्यंत म्हणजे किती?" मी विचारलं.

"निदान बोबडं तरी," सासूबाई म्हणाल्या. "बाई, मी काय वैरीण आहे का? मी आहे तोवर ठीक. रात्री मला झोप लागली तर? मी बाहेर गेले तर? आणि याच्याशी बोलणार कोण? माझी लेक जीव लावेल त्याला."

त्या वाईट नव्हत्या, हेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडायला मला आवडतं. घाबरलेल्या म्हातारीशी कसं भांडायचं?

काजवाली माझ्याकडे आली आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "माझं मूल मला रडताना दिसलं पाहिजे. बाकी मी बघून घेईन."

मी आधी सरकारी रस्ता धरला. तिथं एका साहेबांनी अर्ज उलटापालटा करून सांगितलं, कर्णबधिरांसाठी दारावर बसवायची घंटा मंजूर होऊ शकते. मी विचारलं, वाजवणाऱ्यासाठी की ऐकणाऱ्यासाठी? साहेब म्हणाले, नियमात 'घंटा' असंच लिहिलंय. त्यानंतर मी तिथं काय बोलले ते छापण्यासारखं नाही. बाहेर पडले ती सरळ जिन्याखाली गेले.

लुकलुक्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा बदलला आणि म्हणाले, "काजवाली नव्हे, आता तिला काजवावाली करतो."

पाळण्याला मायक्रोफोन, मशीनसमोर भिंतीवर पांढऱ्या एलईडींचा दिवा आणि दुसरा तसाच पलंगापाशी. मूल रडलं की दिव्यानं उघडझाप करायची. मधलं काम त्यांच्या लाडक्या आठ पायांच्या टायमर आयसीचं. मला त्यांनी ते असं समजावलं: कंडेन्सर म्हणजे पाण्याची टाकी. भरली की दिवा लागतो, रिकामी झाली की विझतो. टाकी लहान तर उघडझाप भराभर, मोठी तर सावकाश. "यात प्रोग्रॅम नाही, डोकं नाही, म्हणून डोकं फिरत नाही," असं म्हणून त्यांनी दुकानात डबा घेऊन आलेल्या सुनेकडे बघितलं. ती मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होती. "मुद्दाम ऐकू येत नसल्याचं सोंग करतेय," ते मला म्हणाले.

दिवा बसवला. सासूबाईंना एवढंच म्हटलं की दुपारी बाळ पुढच्या खोलीशेजारी झोपवू, बघू काय होतं. नणंद यायला अजून अवकाश होता.

पहिल्याच दुपारी मूल रडलं. दिवा भराभर लुकलुकला. काजवालीनं बघितलं, मशीन थांबवलं, गर्रकन मागं वळली आणि नवऱ्याला विचारलं, "काय हवंय?"

नवरा म्हणाला, "मी कुठं बोलावलं?"

"आत्ता बोलावलंस."

"नाही बोलावलं."

"मग दिवा काय भुतानं लावला?"

दोघांची तिथंच जुंपली, हातांनी, तावातावानं, आणि आत मूल ओरडतंय. सासूबाई त्याला कडेवर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

झालं असं होतं. त्या घरात एकमेकांना हाक मारायची तर खोलीतल्या दिव्याचं बटण दाबतात. आणि प्रत्येकाची दाबायची तऱ्हा वेगळी. नवऱ्याची हाक म्हणजे बटण भराभर खालीवर. तिच्या मैत्रिणीची एकच लांब. आपल्याला आवाजावरून माणूस कळतो, त्यांना उजेडावरून. लुकलुक्यांनी मोठ्या प्रेमानं बनवलेली उघडझाप ही अगदी हुबेहूब तिच्या नवऱ्याची हाक होती. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, माझ्यासुद्धा नाही, आणि मी त्या घरात वर्षानुवर्षं चहा पितेय.

लुकलुके चिडले. "नवऱ्यानं सवय बदलावी."

काजवाली म्हणाली, "लग्नाआधीपासूनची हाक आहे. ती तशीच राहणार."

"मग सावकाश करतो. कंडेन्सर मोठा घालतो."

सावकाश केली तर वीज खालीवर होताना घरातला दिवा जसा मिणमिणतो तशी दिसू लागली. तिनं मान हलवली. मग त्यांनी एका टायमरला दुसरा जोडला, त्याला मोजणी करणारी आणखी एक आयसी जोडली, आणि बघता बघता बोर्ड परातीएवढा झाला. वायरींचं जंजाळ बघून सून मोबाइल बाजूला ठेवून उठली.

"बाबा, बोलू का?"

"नको."

"हे एवढं सगळं एका नखाएवढ्या चिपमध्ये बसतं. ठेका बदलायचा तर कथील वितळवायला नको, एक आकडा बदलायचा."

"आणि तुझी चिप झोपली तर?"

"झोपत नाही."

"माझ्या विभागातही साहेब असंच म्हणाले होते."

"ते साहेब मी नव्हते, बाबा," ती म्हणाली. "मी तेव्हा शाळेत होते." हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की लुकलुक्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा कपाळावर, आणि बाजूला सरकून तिला स्टूल दिलं.

ठेका कोणता ठेवायचा, हे तिनं काजवालीलाच विचारलं. काजवालीनं माझ्या पाठीवर थाप मारून दाखवला: दोन हलक्या, एक रेंगाळणारी, मग थांबा. दोन हलक्या, एक रेंगाळणारी. ती मुलाला थोपटते तो ठेका. "दिव्यानं मला थोपटू दे," ती म्हणाली, "म्हणजे मला कळेल कुणाला थोपटायचंय."

सुनेनं चिपमध्ये तो ठेका घातला. दिवा थोपटायला लागला. काय सांगू, उजेडाला असं हळुवार होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. लुकलुके दिव्याकडे बघून म्हणाले, "ठेका बरा आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

काही दिवस छान गेले. बाळ कुरकुरलं की काजवाली सासूबाईंच्या आधी पाळण्याशी पोचायची. सासूबाई म्हणायच्या, "मी उठतच होते," पण उठायच्या सावकाश. गुडघ्यांना तेवढाच आराम.

मग एका सकाळी कामाची घाई होती. नवऱ्यानं कापायचं मशीन सुरू केलं आणि नेमकं त्याच क्षणी तिनं काजाचं. दोन्ही मोटरींनी वीज एकदम ओढली, घरातले दिवे क्षणभर खाली गेले आणि वर आले. सगळे आले, चिप मात्र अर्धवट शुद्धीत राहिली. भिंतीवरचा दिवा नुसता लागून बसला. थोपटणं नाही, उघडझाप नाही, फक्त उजेड. सकाळच्या उजेडात एक दिवा जास्त, कोण लक्ष देणार? सासूबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या खाली आल्या तेव्हा मुलाचा आवाज बसला होता.

त्यांनी मुलाला घेतलं आणि लेकीला फोन केला. "शनिवारी ये. त्याला घेऊन जा."

काजवाली माझ्याकडे धावत आली, मी तिला घेऊन जिन्याखाली गेले. सून घरून काम करत होती, तिलाही बोलावलं. झालेलं ऐकून लुकलुके आधी जिंकल्यासारखे हसले. "सांगितलं होतं की नाही? झोपली." मग त्यांनी काजवालीचा चेहरा बघितला आणि ते हसू त्यांना कुठं ठेवावं कळेना. हातात होता तो पान्हा त्यांनी उगाच खिशात घातला.

सून म्हणाली, "वीज खाली गेली की चिपनं स्वतःला पुन्हा सुरू करायला हवं. ती सोय असते. मी ती लावलीच नाही."

"फेकून द्या ती चिप," लुकलुके म्हणाले. "परात परत लावतो."

"परातीत सतरा सांधे आहेत, एक निसटला की तीही गप्प बसेल. आणि मग कळणार कुणाला?"

"माझा सांधा निसटत नाही."

"माझी चिप झोपत नाही, असं मीही म्हणाले होते."

मग मात्र माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, तुमचं सासरा-सुनेचं काय असेल ते घरी जाऊन निस्तरा, इथं शनिवारी हिचं पोर जायचंय. बराच वेळ मी बोलले. माझा आवाज चढला की जिन्यातली माणसं थांबतात. तीही थांबली.

दोघं कामाला बसले. सून ती राहिलेली सोय लावायला लागली. लुकलुके कथील वितळवता वितळवता बडबडत होते, कारण गप्प राहून त्यांना काम जमत नाही. गाडीच्या वळणदिव्यांतला एक बल्ब गेला की त्यांच्या जुन्या फ्लॅशरची टिकटिक आपोआप दुप्पट वेगानं व्हायची. "म्हणजे बिघडली तरी सांगून बिघडायची. लपून नाही. चालवणाऱ्याला लगेच कळायचं. अशी डबी होती ती, सूनबाई." सून काही बोलेना. "अगं, मी भिंतीशी बोलतोय का? हुंकार तरी दे. गोष्ट सांगणाऱ्याला कसं कळणार, ऐकणारा जागा आहे की घोरतोय?"

सुनेचा हात थांबला. "बाबा, परत बोला."

"काय परत बोलू?"

"हुंकाराचं."

लुकलुक्यांनी तिच्याकडे बघितलं. दोघांच्या डोक्यात ते एकदमच पेटलं असणार, कारण पुढचं वाक्य निम्मं तिनं म्हटलं आणि निम्मं त्यांनी. चिपनं सतत टायमरला हुंकार द्यायचा. हं, हं, हं. हुंकार येतोय तोवर टायमर गप्प. हुंकार थांबला की टायमरनं समजायचं, ही झोपली, आणि स्वतःचा लाल दिवा भराभर उघडझाप करायला लावायचा. त्याला वेगळी बॅटरी. प्रोग्रॅम नाही, डोकं नाही, नुसती टाकी भरणं आणि रिकामी होणं. पांढरा दिवा थोपटला तर बाळ रडतंय. लाल फडफडला तर यंत्र गेलंय, स्वतः जाऊन बघ.

"म्हणजे पहारेकऱ्यावर पहारेकरी," मी म्हटलं.

"वरचा पहारेकरी आमचा," लुकलुके म्हणाले.

"असू दे," सून म्हणाली. "जागा राहिला म्हणजे झालं."

काजवालीला हे सगळं सांगायचं काम माझं होतं, आणि 'हुंकार' शब्दावर मी अडकले. जिनं कधी ऐकलं नाही तिला 'हं' कसं सांगायचं? मी मान डोलावून दाखवली. चिप अशी सारखी मान डोलावणार, मी ऐकतेय, मी ऐकतेय.

काजवालीचे डोळे बारीक झाले. "मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे," ती म्हणाली. "मी अख्खी शाळा मान डोलावून काढली. बाईंचे ओठ हलायचे, मला काही कळायचं नाही, मी मान डोलवायची. बाई खूश."

दुसऱ्या दिवशी यंत्र तयार झालं. सुनेनं वीज तोडून दाखवली, लाल दिवा फडफडला. चिपचा प्रोग्रॅम मुद्दाम अडकवला, लाल दिवा फडफडला. आम्ही सगळे फुशारलो. काजवाली पुढं झाली, पाळण्याच्या बाजूला जाऊन तिनं मायक्रोफोनची वायर उपटली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

लाल दिवा शांत. चिप काहीही ऐकत नव्हती आणि मजेत हुंकार देत होती.

"बघ," काजवाली हसून म्हणाली. "माझ्यासारखी हुशार विद्यार्थिनी आहे."

सुनेनं कपाळावर हात मारला आणि तीही हसायला लागली. तिनं हुंकार प्रोग्रॅमच्या भलत्याच कोपऱ्यात ठेवला होता. ऐकण्याशी त्याचा संबंधच नव्हता. लुकलुके मात्र हसले नाहीत. "मीसुद्धा विचारलं नाही," ते म्हणाले. "वायर निघाली तर काय, हे मी विचारायला हवं होतं." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. सुनेनंही नसावं, कारण तिनं त्यांच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

मग तिनं हुंकाराची जागा बदलली. कितीही शांत खोली असली तरी मायक्रोफोनला बारीक खसखस येतच असते, पंख्याची, रस्त्याची, श्वासाची. ती खसखस खरोखर आली तरच हुंकार द्यायचा. वायर उपटली की खसखस बंद, हुंकार बंद, लाल दिवा सुरू. काजवालीनं वायर पुन्हा उपटली, परत लावली, मायक्रोफोनवर उशी दाबली, नवऱ्याला दोन्ही मशीनं एकदम सुरू करायला लावली. ज्याच्यावर आपलं मूल सोपवायचं त्याची परीक्षा अशीच घ्यायची असते.

शनिवारी नणंद आली. बाईच्या हातात मोठी पिशवी, पिशवीत बाळाचे नवे कपडे. चेहऱ्यावर लाज आणि आनंद दोन्ही. तिला मूल हवंसं होतं हे कुणालाही दिसलं असतं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. काजवालीनं मला डोळ्यांनी गप्प बसवलं.

ती सासूबाईंना म्हणाली, आणि मी शब्दाला शब्द सांगितला: "दिवसभर बसा. त्याला हात लावू नका. एकदा जरी मला उशीर झाला, तर न्या."

मी 'न्या' म्हणताना अडखळले. तिनं हाताची ती खूण परत केली, मला पूर्ण म्हणायला लावलं.

बसलो सगळे. पुढच्या खोलीत मशीनं धडधडत होती. बाळ जागं झालं, कुरकुरलं. नणंद खुर्चीतून अर्धी उठली तोवर काजवाली पाळण्याशी. पुन्हा झोपलं, पुन्हा उठलं, पुन्हा तीच आधी. एकदा तर बाळ नुसतं खोकलं तरी ती येऊन बघून गेली. लुकलुके कोपऱ्यात बसून दर वेळी मान डोलावत होते, जणू त्यांनीच धावत जाऊन मूल उचललं.

दुपारी सासूबाई उठल्या. सरळ भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी यंत्राची पिन उपटली. सून जागेवरून हलली, लुकलुक्यांनी तिचा हात धरला.

लाल दिवा फडफडला. पुढच्या खोलीतून काजवाली आली, मागून तिचा नवरा आला, हातात कैची तशीच. दोघंही पाळण्यावर वाकले. बाळ गाढ झोपलं होतं. मग काजवालीनं सासूबाईंच्या हातातली पिन बघितली.

"वीज गेली तर काय, ते बघत होते," सासूबाई म्हणाल्या. मी सांगितलं.

"बरं केलंत," काजवाली म्हणाली. "रोज बघा."

सासूबाईंनी पिन परत लावली. मग त्या लेकीकडे वळून म्हणाल्या, "ते कपडे इथंच ठेव. तू ये अधूनमधून, त्याच्याशी बोलायला. पोरगं बोलायला शिकेल. मी काय मेले नाही अजून." नणंदेनं डोळे पुसले, पिशवी उघडली आणि कपड्यांच्या घड्या करत बसली. तिला वाईट वाटलंच, आणि का वाटू नये?

संध्याकाळी सासूबाईंनी आणि नणंदेनं पाळणा उचलून काजवालीच्या पलंगाशेजारी नेला. खिडकीकडे तोंड की भिंतीकडे यावर मायलेकींचं वाजलं. लुकलुके सुनेला सांगत होते की पुढच्या यंत्रात लाल दिव्याचा कंडेन्सर थोडा मोठा घालू. ती म्हणाली, "पुढचं कुणाचं?" मी म्हटलं, माझ्याकडे आणखी दोन घरं थांबली आहेत. "मग एक पेटीच बनवू," ती म्हणाली. "खालचा मजला माझा, वरचा तुमचा." लुकलुके म्हणाले, "भाडं कोण देणार?" आणि दोघं वायरी गुंडाळायला लागले.

तेवढ्यात पांढरा दिवा थोपटायला लागला आणि मूल रडू लागलं. सासूबाई उठल्या, नणंद उठली, मी उठले, लुकलुकेसुद्धा उठले. काजवालीनं आमच्याकडे वळून हात खाली दाबला, बसा. आम्ही बसलो, आणि ती एकटी आत गेली.